कावळ्याला दिलेला होडीचा शब्द

मी चौथी शिकलेला माणूस. गावाच्या मुंबई मंडळाची पोरं दरवर्षी पुस्तिका काढतात, तिच्यात यंदा प्रवासाचं काहीतरी पाहिजे म्हणाली. गावात काशीला जाऊन आलेले लोक आहेत, एकजण दुबईला जाऊन आलाय. तरी मला म्हणाले, तात्या, तुम्ही दासगावला गेलात ते लिहा. कुडपणहून दासगाव ते काय, सकाळच्या एसटीनं निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला पोचतो. पण आमच्या पठारावरचं कुणी तिथं शिडाच्या होडीत बसायला गेल्याचं मला ठाऊक नाही, म्हणून लिहितो. अक्षरं चुकली तर पोरांनी सुधारावी. बोलणं सुधारू नये.

आधी कावळ्याचं सांगतो, निघालो त्याच्यामुळे.

गणपती गेले आणि आठ दिवसांनी माझी बायको गेली. दीड वर्ष ती बिरवाडीला मुलीच्या खोलीवर होती, कारण आठवड्यातून दोनदा महाडला नेऊन तिचं रक्त मशीनमधून फिरवून आणावं लागे. मी वर पठारावर. बैल होता, नाचणीचा तुकडा होता, ते सोडून कोण जाणार? दीड वर्षात मी तीनदा खाली उतरलो. ती शिमग्याला दोन दिवस आली, गणपतीला दोन दिवस आली, आणि त्या गणपतीनंतर आलीच नाही.

दहाव्याला ओढ्यावर पिंड ठेवला. कावळे तीन, ऐनाच्या झाडावर. एक खाली उतरेल तर शपथ. तुम्हाला माहीतच आहे, मेलेल्याचं मन कशात अडकलं असेल तर कावळा शिवत नाही, मग घरच्यांनी शब्द द्यायचा असतो. मी म्हणालो, बैलाला संभाळीन. कावळा बसून. धाकट्या भावानं सांगितलं, दादाला दोन वेळ जेवायला घालू. कावळ्यानं चोच पुसली. मी म्हणालो, तंबाखू सोडतो, घरावर नवे पत्रे घालतो, नातीचं लग्न धूमधडाक्यात करतो. पोटात काही नसलेली पंधरा माणसं उन्हात उभी आणि तो वरून बघतोय.

मग माझी मुलगी वंदना बायकांतून पुढे आली. हात जोडले आणि हळूच म्हणाली, "आय, तुला शिडाच्या होडीतनं फिरवून आनू. बाबा नेतील."

कावळा खाली आला. एकटा नाही, तिघे आले.

मी तसाच उभा. होडी? कसली होडी? बायकोनं उभ्या जन्मात होडी बघितली नव्हती. आमच्या पठारावर पाणी म्हणजे झऱ्याचं, तेही दोन हंडे डोक्यावर घेऊन चढ चढायचा तेव्हा घरात येणार. एक्केचाळीस वर्षं संसार केला त्या बाईचं मन होडीत अडकलं होतं आणि मला पत्ता नाही. लोक म्हणाले, तात्या, सुटली बिचारी, आता आंघोळ करा. मी आंघोळ केली. पण त्या दिवसापासून डोकं जागेवर नव्हतं.

वंदनाला विचारलं तर म्हणाली, वर्षश्राद्धाच्या आत जाऊन येऊ, मग सगळं सांगते.

पोलादपूर

माघात बैल भावाकडे बांधला आणि निघालो. पिशवीत नाचणीच्या भाकरी, लसणीची चटणी आणि बायकोच्या चपला. दवाखान्यात जायला म्हणून वंदनानं घेतलेल्या, निळ्या पट्ट्याच्या. तिला न्यायचं तर काय न्यायचं? राख तर नदीत गेलेली. कंबरेला कोयता होताच, तो नसला तर मला उघडंनागडं वाटतं.

मला वाटलं होतं, सावित्री नदी पोलादपुरातूनच जाते, तर होडी तिथंच बघावी. पुलावर उभा राहिलो. खाली धोंडे, धोंड्यांवर वाळत घातलेले कपडे, आणि मधे म्हशी बसतील एवढं पाणी. म्हशी बसल्याच होत्या. स्टँडसमोर वडापाव खाताना हॉटेलवाल्याला विचारलं की शिडाची होडी कुठं मिळेल. तो तळायचं थांबला. म्हणाला, आजोबा, कशेडी घाटात बघा, पावसाळ्यात दरड आली की ट्रक तिथं होडीसारखेच खाली जातात, एखादा धरा. बाकीची गिऱ्हाइकं हसली. मीपण हसलो. पण त्याला सांगितलं की मी दहाव्याचा शब्द पाळायला निघालोय, तेव्हा त्यानं दुसरा वडा वाढला.

बिरवाडी

बिरवाडीला आमच्या वंदनाची खोली लांबलचक चाळीत आहे. दाराबाहेर पिंप, पिंपावर साबण. कंपन्यांचा वास असतो, दोन दिवसांनी कळेनासा होतो म्हणतात, मी दोनच दिवस होतो. शेजारी बिहारची माणसं. एका नळावर तीन भाषा भांडतात आणि संध्याकाळी त्याच बायका एकमेकींच्या डोक्याला तेल लावतात. आमच्याकडे भांडण झालं तर तीन पिढ्या पाणी तुटतं. मला त्यांचं बरं वाटलं.

रात्रपाळी करून आलेला जावई झोपला होता. वंदनानं मोबाईल माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "हे बघायची आय. मशीनवर चार तास पडून. घरी आली की परत."

बघतो तर परदेशातली एक बाई आणि तिचा नवरा. दोघांचे केस पांढरे. घरदार विकून शिडाच्या होडीत राहायला गेलेले. आज या गावाला, महिन्यानं त्या गावाला, वर्षानुवर्षं असंच. बाई अर्ध्या चड्डीत, माझ्या बायकोपेक्षा पाचएक वर्षांनी मोठी असेल. कांदा चिरत होती. मागं तिचा नवरा बसून भांडी घासत होता. मी मोबाईल खाली ठेवला आणि परत उचलला. घासतच होता.

त्यांची चूल लोंबकळती असते. होडी कलली तरी चूल सरळ राहते, वरणाचा थेंब सांडत नाही. दोरीवर कपडे वाळतात. डब्यात कोथिंबीर लावलेली. पाऊस आला की ताडपत्री पसरून पाणी धरतात. बोललेलं एक अक्षर कळत नाही, आणि बायकोलाही कळत नसणार, पण बघितलेलं सगळं कळतं.

वंदना सांगत होती, आय म्हणायची की घर पाण्यावरच असलं तर पाण्याला जायला नको. वंदनानं तिला सांगितलं होतं, आय, ते पाणी खारट असतं. तर म्हणाली, भांडी तर घासून होतील.

मग वंदना उठली. खोलीच्या दारापासून गॅसपर्यंत फरशीवर चालली, आणि तिथून पलंगाच्या पायापर्यंत. आयनं रांगोळीनं रेघ मारली होती म्हणाली, होडी एवढीच असते म्हणून. इथं चूल. इथं पिठाचा डबा, नाचणीचं पीठ टिकतं म्हणून तेच न्यायचं. पाटा-वरवंटा जड, तो नको, खलबत्ता पुरे. इथं झोपायचं.

मी त्या रेघेच्या आत उभा. रेघ पुसून गेलेली, तरी पाय आखडून उभा राहिलो. सगळं ठरवून ठेवलं होतं तिनं. मला धक्क्यावर धक्के बसत होते आणि एकच विचारायचं होतं.

"आणि मी कुठं झोपायचा?"

वंदना म्हणाली, "च्या टाकते."

त्या रात्री मला तिथं, बायको झोपायची त्या कोपऱ्यात अंथरूण घातलं. मला झोप लागली नाही. होडीत फिरवून आणणं सोपं होतं. पण तिला माझ्याबरोबर जायचं होतं की माझ्यापासून जायचं होतं, ते मला कळायला पाहिजे होतं.

दासगाव

जावयाच्या कंपनीतला एकजण दासगावचा, त्यानं लतीफभाईंचं नाव सांगितलं. वंदनाला घेऊन निघालो, महाड ओलांडून पुढे गेलं की दासगाव. तिथं आमची सावित्री मला ओळखूच आली नाही. पोलादपुरातली लुकडी पोरगी सासरी जाऊन जाडजूड बाई व्हावी तशी, या काठावरून त्या काठावरचं माणूस मुंगीएवढं.

लतीफभाई माझ्याच वयाचे. त्यांचे वडील महाडहून मुंबईला तांदूळ न्यायच्या गलबतावर होते. आता खाडीत सगळ्या होड्यांना इंजिन. शिडाचं काय करणार, म्हणाले, माझं शीड उंदरांनी खाल्लं. तरी डोलकाठी होती. शीड म्हणून त्यांनी निळी ताडपत्री बांधली, आमच्याकडे पेंढा झाकतो तीच. मी म्हणालो, इंजिन काढून ठेवा, शब्द शिडाचा दिलाय. ते म्हणाले, "तुमचा कावळा बघाया येनार हाय काय?" पण काढून ठेवलं.

त्यांच्या घरून डबा आला. तांदळाची भाकरी आणि बोईट मासळीचं कालवण. आम्ही डोंगरातले लोक सुकटीवर वाढलेले, ताजा मासा घशाखाली जाताना असा गोड लागतो हे मला या वयात कळलं.

होडीत चपला घालून चढायचं नाही, हा त्यांचा नियम. मी माझ्या काठावर सोडल्या. पिशवीतून निळ्या पट्ट्याच्या काढून फळीवर ठेवल्या तेव्हा त्यांनी बोट दाखवलं. मी म्हणालो, त्या घालायच्या नाहीत, त्या बसायला आल्यात. लतीफभाईंनी एकदा वंदनाकडे बघितलं आणि चपला उचलून स्वतः पुढच्या टोकाला ठेवल्या, म्हणाले, तिथून बरं दिसतं.

सकाळी खाडी तुडुंब होती. मग पाणी उतरायला लागलं आणि आम्ही त्याच्याबरोबर निघालो. वारा डोंगराकडून, थोडाच. ताडपत्री फडफडायची, मधेच फुगायची. मी दोन्ही हातांनी फळी धरून. सांगायला लाज नाही, पोहता येत नाही मला. दोन्ही काठांना तिवरांची झाडी, पाण्यातून मुळं वर काढलेली. बगळे. दोन वळणं गेलो आणि उजवीकडे एक लहानशी वाडी आली. लतीफभाईंचा मेहुणा तिथं आजारी होता, त्याला बघून येतो म्हणाले. काठावर खांब होता. मला म्हणाले, तात्या, होडी बांधा, सैल ठेवा, आणि वंदनालाही चहाला बोलावलंय, तुम्हीही या.

आता ऐका. मी जन्मभर गुरं बांधली. सैल बांधलेलं जनावर दुसऱ्याच्या शेतात जातं. सैल ठेवा असं ते म्हणाले ते मी ऐकलं, पण हातांनी ऐकलं नाही. दावं आखूड घेतलं, दोन वेढे, निसटणार नाही अशी गाठ. वर हात झटकले. बाई आत बसलीय, होडी पळून जायला नको.

चहाला तास-दीड तास गेला. मेहुण्याच्या बायकोनं गूळ-खोबरंही दिलं. परत आलो तर होडी लटकलेली.

खरं सांगतो, दरडी बघितल्यात, वाहून गेलेली घरं बघितलीत, पण असं नाही. पाणीच नाही. जिथं होडी बांधली तिथं चिखल, पाणी दूर मधोमध. आणि आमची होडी नाकानं खांबाला टांगलेली, शेपूट चिखलात, एका अंगावर कललेली. डबा, ताडपत्री, सगळं चिखलात सांडलेलं. आमच्या डोंगरात नदी आटायला चैत्र लागतो. ही दीड तासात आटली. मुंबईत बावीस वर्षं गोदीच्या शेडमध्ये गोणी वाहिल्या, समुद्राला भरती-ओहोटी असते हे ऐकून होतो. पण समुद्राकडे पाठ करून बावीस वर्षं काढली, आणि आपली सावित्री असं करील हे ध्यानीमनी नव्हतं.

लतीफभाईंनी माझी गाठ बोटानं दाबून बघितली. मग म्हणाले, "तात्या, ही म्हस नाय हो."

गाठ सुटेना, वजनानं घट्ट झालेली. शेवटी कोयत्यानं दोर तोडला. होडी धप्पकन चिखलात बसली. मी गुडघाभर चिखलात उतरून चपला शोधल्या. एक फळीखाली सापडली. दुसरी नव्हतीच. वंदनानं हात केला. लांब, मधल्या पाण्यात, निळा पट्टा समुद्राच्या बाजूला चालला होता. आमच्यापैकी कुणालाच तिथवर जाता येणार नव्हतं. तिरपी होत होती, परत सरळ होत होती, आणि चालली होती.

मी चिखलातच खाली बसलो.

आता भरती येईपर्यंत हलता येणार नव्हतं, चार-पाच तास. लतीफभाई मेहुण्याकडे परत गेले, जाताना मला म्हणाले की यापुढे तुम्ही फक्त बसा. मी आणि वंदना कलंडलेल्या होडीच्या सावलीत, होडीला पाठ लावून. खेकडे बिळातून बाहेर येऊन आम्हाला बघत होते. पिशवीतल्या भाकरी वाचल्या होत्या, त्या खाल्ल्या.

मग वंदना आपणहून बोलली.

"बाबा, तुमी विचारलात ना कुठं झोपायचं. तुमी नव्हता त्या होडीत."

मी चटणीचं बोट तसंच धरून.

"आय म्हनायची, ते काय बैल सोडून यायचे नायत, त्यांना कशाला वढायचं? मी जाते. शिमग्याला न गनपतीला येईन. त्यांनी बावीस वर्सं तेच केलं, घर मोडलं का?"

मंडळाच्या पोरांनो, तुमच्या आज्यांना विचारा हे काय आहे ते. आम्ही पुरुष मुंबईत, वर्षातून दोनदा घरी. आलो की अंगण सारवलेलं, दारात पाण्याची बादली, चुलीवर गोड. गेलो की मागं काय होतं ते आम्ही कधी विचारलं नाही. मला वाटायचं, घर आपोआप असतं.

मी विचारलं, हे ती रागानं म्हणायची का.

"नाय वो. हसायची. तुमच्यासाठी काय आनायचं ते पन ठरलेलं."

"काय?"

"तुमी काय आनायचात?"

"बटराचा पुडा. च्यात बुडवून खायला."

"तोच."

त्यावर मी तोंड दुसरीकडे केलं. खेकडे बिळात गेले. वंदना थांबली नाही, म्हटलं तर बरंच झालं, थांबली असती तर परत बोलली नसती. म्हणाली, "आनि म्हनायची, त्यांनी विचारलं ना होडी कशी असते, तर मी नीट सांगेन. लोखंड असतं म्हनून गप नाय बसायची."

हे मला समजायला वेळ लागला. मग आठवलं. लग्नाला दोन-तीन वर्षं झाली असतील, मी शिमग्याला आलो होतो, जेवायला बसलो होतो. तिनं वाढता वाढता विचारलं होतं, गोदीत जहाजं असतात म्हणे, कशी असतात? मी म्हणालो, कशी असतात म्हणजे काय, लोखंड असतं. पुढच्या शिमग्याला परत विचारलं. मी तेच म्हणालो. किती वर्षं विचारत होती, आणि कधी विचारायची बंद झाली, मला सांगता येणार नाही.

परत

तिसऱ्या प्रहरी पाणी आलं. हळूहळू, चिखलाच्या चिरांतून, आवाज न करता. होडी सरळ झाली. वारा फिरला, आता समुद्राकडून. लतीफभाई आले, ताडपत्री धुऊन चढवली आणि आम्ही निघालो.

आणि नदी उलटी चालली होती. पाटीएवढी लाकडं, पानं, फेस, सगळं डोंगराकडे. सत्तर वर्षांत सावित्री मी खाली जातानाच बघितली, माणसं घेऊन, माती घेऊन, बायकोची राख घेऊन. ती वर येत होती. मी लतीफभाईंना विचारलं, ही कुठपर्यंत जाते वर? म्हणाले, महाडाच्या आसपास दमते, मग तुमची तुम्हाला परत देते.

शीड भरलं. लतीफभाईंनी शिडाची दोरी माझ्या हातात दिली, म्हणाले, बांधू नका, धरा. मी धरली. दासगावच्या काठाला लागेपर्यंत सोडली नाही. वंदनानं उरलेली एक चपल टोकाला परत ठेवली होती.

शब्द पुरा झाला की नाही, मला माहीत नाही. गावात विचारलं तर कुणी म्हणतं झाला, कुणी म्हणतं भर खाडीत चपल सांडली म्हणजे अर्धाच. माझी भावजय म्हणाली, एक पाय गेला, एक घरी राहिला, बाईमाणसाचं असंच असतं.

यंदा शिमग्याला चाकरमानी आले. मी आदल्या दिवशी अंगण सारवलं. जन्मात पहिल्यांदा, शेणात पाणी जास्त झालं, पोपडे निघाले. दारात पाण्याची बादली ठेवली. गुळाची खीर केली, ती तळाला लागली. पालखी दारातून पुढे गेली तेव्हा उंबऱ्याशी एकच चपल होती, निळ्या पट्ट्याची. मी जेवायला बसलो आणि समोर तिचं पान मांडलं. आता विचार म्हणालो.

होडी लाकडाची असते. तळाशी थोडं पाणी असतंच, ते नारळाच्या करवंटीनं उपसायचं. शीड भरेपर्यंत नुसतं फडफडतं, भरलं की सगळा आवाज बंद होतो आणि काठ चालायला लागतात. आपण बसलेलेच असतो. दोरी हातात धरली तर ओढते, दाव्याला लागलेल्या खोंडासारखी, पण तिला आखूड बांधायचं नसतं. पाणी खारट असतं. भांडी घासून होतात, मी लतीफभाईंचा डबा घासून बघितला.

लोखंडाची नसते.